वीस मीटरच्या आतला कडा

नरनाळा हा डोंगर मी सव्वीस वर्षं शिकवला आणि एकदाही चढले नाही. अकोटच्या आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर नववीचा वर्ग होता. त्याच्या उत्तरेकडच्या खिडकीतून तो दिसायचा. हिवाळ्यात सकाळी निळा, दुपारी धुरकट, पावसाळ्यात आठ-आठ दिवस गायब. मी खडू तिकडे रोखून सांगायचे, "ही सातपुड्याची दक्षिणेकडची कड. आपलं काळ्या मातीचं सपाट रान इथे संपतं आणि एकदम भिंत उभी राहते." मुलं बघायची, मीही बघायचे आणि मग सगळे मिळून पुस्तकाकडे वळायचो.

न चढण्याला कारणं होती. वडील होते तेव्हा त्यांच्या वेळा सांभाळायच्या होत्या. ते गेल्यावर आई आठ वर्षं अंथरुणावर होती. लग्न मी केलं नाही. त्यामागे काही मोठी कहाणी नाही, दोन-तीन ठिकाणी जमता जमता राहिलं आणि मग विचारणारेच थांबले. त्यामुळे डोंगर कुठे पळून जातोय, असं म्हणता म्हणता मी अठ्ठावन्न वर्षांची झाले. निरोप समारंभ झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. दीड वर्षानं आई गेली. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरात मी आणि फ्रिजचा आवाज एवढेच उरलो.

एकटेपणा मला आवडत नाही. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण एकट्या बाईनं एकटेपणाची गोडी लागल्यासारखं बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. वाचन करा, छंद जोपासा, नामस्मरण करा. हे सांगणारी सगळी माणसं भरल्या घरात राहतात. मला दिवसभरात माझं नाव घेऊन कोणी भांडलं असतं तरी चाललं असतं.

रविवारच्या गटात मला ओढलं ते आमच्या औषधांच्या दुकानदारानं. तो माझाच विद्यार्थी, भूगोलात कच्चा. दर रविवारी पंधरा-वीस माणसं घेऊन तो डोंगर चढायला जायचा. अकोट-अकोल्याकडच्या हौशी चालणाऱ्यांना नरनाळ्यासारखा जवळचा डोंगर दुसरा नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत टाकत तो म्हणाला, "बाई, ह्या कमी कराच्या असतीन तं रविवारी आमच्यासंगं चाला." मी हसले आणि घरी आले. आणि मग तीन दिवस त्याच गोष्टीचा विचार करत बसले. जावंसं वाटत होतं, पण अनोळखी घोळक्यात एकटीनं जाऊन उभं राहायची लाज वाटत होती. शेवटी मी मावशींकडे गेले.

मावशी म्हणजे आमच्या शाळेतल्या शिपाईबाई. वयानं माझ्याच आसपासच्या, पण सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. भिंतीवरचे नकाशे कपाटातून वर्गात नेणं हे त्यांच्याकडे असलेल्या शंभर कामांतलं एक काम. कापडावर चिकटवलेले, दांडीला गुंडाळलेले ते जुने नकाशे त्या खांद्यावर टाकून आणायच्या, खिळ्याला अडकवायच्या, फडक्यानं एकदा पुसायच्या आणि निघून जायच्या. कुठला नकाशा कुठे फाटला आहे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. आम्ही एकाच उन्हाळ्यात निवृत्त झालो. शाळेच्या बाहेर मी त्यांच्या घरी त्याआधी एकदाच गेले होते, त्यांचे यजमान वारले तेव्हा.

"डोंगरावर? काय काम हाय तिथं?" त्यांनी विचारलं.

"काम काही नाही. चालायचं."

"बिनकामाचं चालाचं?" त्या तोंडावर पदर धरून हसल्या. "माह्या मायेरच्या लोकायले सांगतलं तं थे म्हनतीन, हिले काही झालं काय." त्यांचं माहेर डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातलं, एवढं मला ठाऊक होतं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "तुमी जाऊन राहिल्या तं येतो मी. घरी तरी काय हाय."

पुढची दोन वर्षं त्या माझ्याबरोबर चालल्या. त्या दोन वर्षांत माझ्या आठवड्याला एकच दिवस होता, रविवार. शनिवारी संध्याकाळी मी बूट पुसून दारात ठेवायचे. सोमवार-मंगळवार पाय दुखायचे तेही मला आवडायचं, कारण दुखणं म्हणजे आपण कुठेतरी जाऊन आलो याचा पुरावा. मावशी नसत्या तर मी दुसऱ्या रविवारी गेलेच नसते. गटातले बाकीचे लोक चांगले होते, पण ते जोडीनं येत, मित्रांबरोबर येत. माझ्या बाजूनं चालणारं माणूस एकच होतं.

सकाळी बसस्टँडजवळ जीप लागायची. पोपटखेडपर्यंत संत्र्याच्या बागा आणि केळी. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा हा पट्टा आहे. पावसाचं पाणी इथे आत मुरतं आणि विहिरींना गोडं पाणी लागतं. तिथून जेमतेम तास-दीड तास दक्षिणेला गेलं की खारपाण पट्टा सुरू होतो आणि विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही. एकाच तालुक्यात दोन चवीचं पाणी. शहानूरला वनखात्याच्या फाटकावर नावं लिहायची, वाटाड्या घ्यायचा आणि चढायला लागायचं. वर जायला गाडीरस्ता आहे, पण आम्ही जुन्या वाटेनं जायचो. साग, सालई, मधूनच मोह, आणि एकामागून एक किल्ल्याचे दरवाजे. दरवाजा आला की सपाटी, सपाटी संपली की पुन्हा चढ.

या पायऱ्यांचं कारण मी सगळ्यांना सांगायचे. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे, सवय जात नाही. लाव्हा एकदाच वाहिला नाही, पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर बसले. टणक थराचा कडा झाला, मऊ थर झिजून उतार झाला. म्हणून आपला डोंगर जिन्यासारखा. गटातली तरुण मुलं मान डोलवायची आणि चालण्याचा वेग वाढवायची. मावशी मात्र बाजूनं चालत ऐकायच्या.

वर पोचल्यावर दक्षिणेच्या तटावर आम्ही दोघी बसायचो. खाली कपाशी आणि हरभऱ्याचे चौकोन, मधूनमधून गावांचे पत्रे चमकणारे, आणि त्यापलीकडे धूसर झालेली पूर्णेची सगळी सपाटी. पाठीमागे, उत्तरेला, डोंगरामागे डोंगर, थेट मेळघाटात धारणीपर्यंत. मी एकदा मावशींना सांगितलं, "ह्या बाजूला पडलेलं पाणी पूर्णेला जातं आणि रांगेच्या पलीकडे पडलेलं सिपनेतून तापीला. गंमत म्हणजे पूर्णाही शेवटी तापीलाच मिळते."

"म्हंजे भांडून येगळे निंघाले अन् पुन्हा एकाच घरात जाऊन बसले," मावशी म्हणाल्या आणि डबा उघडला. त्यांच्या डब्यात सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, असायची, नाहीतर भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. माझ्या डब्यात बहुतेक वेळा पोहे. त्या माझे पोहे आवडीनं खायच्या किंवा तसं दाखवायच्या.

झाडांवरून मात्र मी त्यांच्यावर कुरघोडी करायचे. त्या म्हणायच्या, "हे धावडा," की मी लगेच त्याचं शास्त्रीय नाव सांगायचे. त्या म्हणायच्या, "अस्सं?" आणि गप्प व्हायच्या. हळूहळू त्या झाडांची नावं सांगेनाशा झाल्या. हे मला आता लिहिताना आठवतं आहे. तेव्हा मला वाटायचं, त्या शिकताहेत.

माझ्याजवळ एक स्थलदर्शक नकाशा होता. शाळेच्या कपाटात तो वर्षानुवर्षं पडून होता, निवृत्त होताना मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतला. असा नकाशा वाचता येणं ही साधी गोष्ट नाही. त्यावर डोंगर तपकिरी रेषांनी काढलेला असतो. वीस मीटर उंची वाढली की एक रेषा, आणखी वीस वाढली की दुसरी. रेषा दाटीवाटीनं आल्या की तीव्र चढ, ऐसपैस असल्या की सौम्य उतार. बोर्डाच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा आणि माझ्या मुलांचे त्यात गुण जायचे नाहीत. नकाशा मी दर रविवारी पिशवीत न्यायचे. गटातली तरुण मंडळी मोबाईलवर वाट बघायची, त्यामुळे माझा नकाशा कोणी कधी मागितला नाही.

तो जानेवारीतला रविवार होता. किल्ल्याच्या पश्चिम टोकापर्यंत जाऊन परत तलावाकाठी जेवायचं असं ठरलं होतं. टोकाला पोचेपर्यंत ऊन चढलं. परतीची वाट मोठा वळसा घालून जाते. अकोल्याहून आलेलं एक जोडपं होतं, दोघंही बँकेतले, पहिल्यांदाच आलेले. त्यातल्या बाईंच्या बुटांनी टाच सोलली होती. आमचा दुकानदार सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बाई, तुमच्या नकाशात काही जवळची वाट हाय काय?"

तो थट्टेत म्हणाला असेल. पण दोन वर्षांत मला कोणी काही विचारत होतं ते पहिल्यांदा. मी एका दगडावर नकाशा पसरला. आम्ही होतो तिथून तलावापर्यंत सरळ खाली उतरलं तर वळशाच्या पावपट अंतर. मधे तीन रेषा, छान ऐसपैस. मी बोट ठेवून म्हटलं, "इथून अर्ध्या तासात तलाव. उतार अगदी सौम्य आहे."

वाटाड्या बाकीच्यांना घेऊन नेहमीच्या वाटेला लागलाच होता. किल्ल्याच्या आतल्या आतच आहोत म्हणून, नेमकं कुठून उतरणार हे न विचारता, त्यानंही हरकत घेतली नाही. ते जोडपं माझ्याबरोबर आलं. मावशी अर्थातच आल्या, त्यांना मी विचारलंसुद्धा नाही.

मी पुढे होते. गुडघ्याएवढं वाळकं गवत होतं, कुसळं साडीत, मोज्यांत घुसत होती, सागाची पानं पायाखाली मोडत होती, आणि मी बोलत होते. समोच्च रेषा म्हणजे काय, उतार कसा मोजायचा, दिशा कशी धरायची. अकोल्याचे ते गृहस्थ "वा, वा" म्हणत होते. इतक्या वर्षांत मला असा वर्ग मिळाला नव्हता, भिंती नसलेला, घंटा नसलेला. मी खूप आनंदात होते. ते लपवण्यासारखं नाही, आणि त्या आनंदाचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

वीसेक मिनिटं उतरल्यावर जमीन संपली.

गवत होतं आणि गवताच्या पुढे काही नव्हतं. मी बाभळीची एक फांदी धरून खाली पाहिलं. तीन मजली घराएवढा काळा कडा, सरळसोट. खाली बांबूचं बेट. त्यापलीकडे तलावाचं पाणी दिसत होतं आणि पाण्याकाठी, टोकापर्यंत न येता मागेच थांबलेली आमची माणसं सतरंजी अंथरत होती. ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं इतकी जवळ.

तीन मजले म्हणजे दहा-बारा मीटर. नकाशावर रेषा येते वीस मीटरला. बारा मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे सुखानं झोपून राहू शकतो, आणि नकाशा पाहणाऱ्याला तिथे सौम्य उतार दिसतो. नकाशाची काही चूक नव्हती. टणक थराचा कडा, मऊ थराचा उतार, हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला नकाशा बघताना ते आठवलं नाही, ही चूक होती. आणि ती भूगोलाच्या शिक्षकाशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. गुराखी असता तर त्यानं आधी जमीन बघितली असती.

इथे मागे फिरायला हवं होतं. वीस मिनिटं उतरलो, अर्धा तास चढलो असतो, जेवायला उशीर झाला असता, चार लोक हसले असते. पण मला ते हसणं नको होतं. कड्याच्या एका बाजूला दगडांनी भरलेली एक अरुंद घळ होती. मी म्हटलं, "इथून जमेल." अकोल्याचे गृहस्थ आधी उतरले, त्यांनी बायकोला हात दिला, मग मी बसून-घसरून उतरले. शेवटी मावशी. त्यांच्या पायाखालचा दगड सुटला, पाय दोन धोंड्यांच्या मधे अडकला आणि अंग वळलं. त्या पडल्या असं म्हणता येणार नाही. बसल्या.

"काही नाई झालं, बाई. तुमी चाला पुढं, मी येतो," त्या म्हणाल्या.

त्या येऊ शकत नव्हत्या. आम्ही तिघांनी मिळून त्यांना बांबूपर्यंत आणलं, मग दुकानदार आणि वाटाड्या धावत आले, मग किल्ल्यावर गाडी मागवली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या आतलं लिगामेंट फाटलं आहे. शस्त्रक्रिया झाली. नंतर वॉकर आला. बरं होईल, म्हणाले, पण डोंगर विसरा.

मला कोणी काही बोललं नाही. मावशींच्या मुलानंसुद्धा दवाखान्यात मला खुर्ची आणून दिली आणि "बाई, चहा घेता का?" विचारलं. दुकानदार म्हणाला, "होते बाई असं, मनाले लावून घेऊ नका." पुढच्या आठवड्यात मोबाईलवर गटाची सूचना आली, सर्वांनी वाटाड्याच्या मागेच चालावे, आणि खाली जोडलेले हात. त्या सूचनेत माझं नाव नव्हतं. मी पुढचे दोन रविवार गेले. सगळे माझ्याशी जास्तच गोड वागले, चढावर हात द्यायला पुढे आले, मला मधे चालायला लावलं. तटावर एकटीनं बसून डबा खाल्ला. तिसऱ्या रविवारी मी बूट बाहेर काढले नाहीत. मला कोणी गटातून काढलं नाही, मीच गेले नाही. जाणं थांबल्यावर दोनेक आठवडे विचारपूस झाली, मग तीही संपली.

मावशींकडे मी सुरुवातीला चार-पाच वेळा गेले. फळं घेऊन जायचे, खुर्चीत बसायचे, पायाचं कसं आहे विचारायचे. त्या म्हणायच्या, बरं हाय. मग काय बोलायचं ते सुचायचं नाही. दोन वर्षं आम्ही चालता चालता बोलत होतो. समोरासमोर बसून बोलायची आम्हाला सवयच नव्हती. शिवाय माझ्या तोंडाशी एक वाक्य येऊन थांबायचं आणि ते बोलता यायचं नाही. आयुष्यभर चुका तपासल्या, लाल शाईनं गोल केले, पण माझं चुकलं असं मोठ्यानं म्हणण्याचा मला सराव नव्हता. त्यामुळे जाणं कमी झालं. फोन करायचे, तोही मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. घर अकोटातच, चालत वीस मिनिटांवर, आणि मी जात नव्हते. संध्याकाळी गच्चीवर उभी राहिले की उत्तरेला डोंगर दिसायचा. तिकडे बघवायचं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर त्यांच्या सुनेचा फोन आला. मुलाची बदली नागपूरला झाली होती. आईला घेऊन जाणार होते. तिथे घराला लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. "आई तुमाले एकदा भेटतो म्हनतात," ती म्हणाली.

मी त्याच दुपारी गेले. घरात गाठोडी बांधलेली होती, भांड्यांची पोती दाराशी लावलेली. भिंतीवरची बुद्धाची तसबीर तेवढी अजून उतरवली नव्हती. मावशी दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि वॉकर हाताशी उभा. बारीक झाल्या होत्या. सून आत स्वयंपाकघरातलं आवरत होती. मी खुर्चीत न बसता दिवाणाच्या कडेला बसले, आणि आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही हे कळून एका दमात बोलले. माझं चुकलं. मी नकाशा नीट वाचला नाही. कडा दिसल्यावर मागे फिरायला हवं होतं, माझ्या हट्टापायी तुमचा पाय गेला. तेव्हाच येऊन हे सांगायला हवं होतं, तेही केलं नाही.

मावशी लुगड्याच्या काठाशी चाळा करत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "थो कडा मले मालूम होता."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"लहानपनी माह्या बापासंगं आमी चारोळी येचाले जात होतो ना तिथं. त्या कड्याच्या खालतं बांबूत बसून भाकर खात होतो. वरतून तिथं उतराले रस्ता नाई, हे मले तवापासून मालूम."

मला राग आला. खरंच सांगते, पहिल्यांदा रागच आला. दहा महिने मी झोपले नव्हते. "मग सांगितलं का नाही?" मी शाळेतल्या आवाजात विचारलं. आतली भांड्यांची खडखड थांबली.

"तुमी लय खूश होत्या त्या दिवशी," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षांत मी तुमाले तसं पाह्यलं नोतं. अन् थे अकोल्याचे पाव्हने संगं. चार लोकांत बाईले कशी टोकू? म्हटलं, बाई मांगं पाहतीन तं हातानंच नाई म्हनून दाखवीन. दोनदा थांबली मी तिथं गवतात." त्या तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या. कपाटातला कुठला नकाशा कुठे फाटला आहे ते सांगावं, तसं सांगत होत्या. "तुमी मांगं पाह्यलंच नाई, बाई."

माझ्याबरोबर कोणी नाही, कोणी नाही, असं मी किती वर्षं मनात म्हणत आले होते. त्या उतारावर माझ्या मागे दहा पावलांवर एक बाई दोनदा उभी राहिली होती, मी वळून बघण्याची वाट बघत. मी वळले नाही, तरी ती आली होती. कडा आहे हे माहीत असून आली होती.

सुनेनं चहा आणून ठेवला. मावशी नागपूरच्या घराबद्दल सांगत राहिल्या. चौथा मजला आहे, नातू शाळेत जातो, खिडकीतून नुसत्या इमारती दिसतात असं मुलगा म्हणतो. मी हूं हूं करत चहा संपवला. निघताना त्यांचा हात हातात घेतला, तो त्यांनी जरा वेळ तसाच राहू दिला. "फोन करजा," त्या म्हणाल्या. मी करीन म्हटलं.

गल्लीच्या कोपऱ्यावर आल्यावर मी थांबले आणि मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं. वॉकर धरून उठून दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. मी कितीतरी वेळ तिथे उभी राहिले, पण त्यांना ते माहीत नव्हतं.